पांढऱ्या कापडावरचा जोडस्टोव्ह

बेलापूरच्या यशया भिंगारदिवे सरांकडे एकतीस स्टोव्ह होते आणि त्यांतल्या एकावरही चहा होत नव्हता. चहा गॅसवर व्हायचा. एका पाहुण्यानं हे बोलून दाखवलं, तेव्हा सरांनी त्याला विचारलं, की जुनी तिकिटं जमवणारा माणूस ती पाकिटाला डकवून टपालात टाकतो का. पाहुण्यानं रिकामा कप खाली ठेवला. वाद आपण जिंकला असं सरांनी धरलं आणि त्याला गॅसवरचा दुसरा कप पाजला.

हे सगळे पंपाचे स्टोव्ह. वातीच्या स्टोव्हचा विषय सरांपुढे काढायचा नाही, त्यांना तो कमी प्रतीचा वाटतो. पितळी टाकी, तीन पाय, कडेला पंप, मधे बर्नर. चिंधीच्या काकड्याला स्पिरिट लावून बर्नर तापवायचा, पंप मारायचा, की असा भरभरून आवाज सुटतो की शेजारच्या घरातलं भांडणसुद्धा ऐकू येत नाही. सरांच्या आईनं त्या आवाजात चार मुलं वाढवली. शाळेत विज्ञान शिकवून सर निवृत्त झाले, तेव्हा लोक म्हणाले आता देवदेव करा, नातवंडं सांभाळा. सरांनी भंगारवाल्यांच्या दारात उभं राहायला सुरुवात केली. दिवाणखान्यातलं शोकेस रिकामं करून तिथं स्टोव्ह लागले, आणि शोकेसमधलं लग्नातलं काचसामान पलंगाखाली गेलं. पत्नी दयाबाईंनी ते स्वतःच जुन्या साड्यांत गुंडाळून दिलं. फक्त बाथरूमसाठी गॅसचा गीझर घ्यायचं सरांकडून कबूल करून घेतलं, आणि तेव्हापासून दर महिन्याला एकदा गीझर हा शब्द उच्चारत राहिल्या.

मोबाईलवरचा 'जिल्हा स्टोव्हप्रेमी मंडळ' हा ग्रुप सरांनीच काढला. त्रेचाळीस सभासद. पहिलं वर्ष फार सुखाचं गेलं. सर रोज सकाळी एका स्टोव्हचा फोटो टाकायचे, खाली चार ओळी माहिती, आणि लोक टाळ्यांची चित्रं पाठवायचे. वायसर कुठला घ्यावा, पिन कशी मारावी, टाकी कशानं घासावी, सगळं सरांना विचारून व्हायचं. निवृत्त माणसाला कुणीतरी काही विचारावं, यापेक्षा जास्त काही नको असतं.

मग कोपरगावचे अलीम मणियार आले.

अलीमभाईंचं भांड्यांचं दुकान आहे. भांड्यावर नाव घालायचं मशीन घेऊन ते दारात बसतात. त्यांच्याकडे स्टोव्ह किती, तर नऊ. सरांनी ही गोष्ट दयाबाईंना तीन वेळा सांगितली. नऊ. पण त्या नवांत एक जोडस्टोव्ह होता. टाकी एकच, पितळी, परातीएवढी रुंद, आणि वर शेजारी शेजारी दोन बर्नर. असा स्टोव्ह सरांनी एका जुन्या सूचीपत्रात पाहिला होता आणि तो जिल्ह्यात नाही असं ग्रुपवर लिहूनही टाकलं होतं. अलीमभाईंनी त्याच्याखालीच त्याचा फोटो लावला. अडतीस टाळ्या पडल्या. सरांनी त्या मोजल्या. त्यांत एक राहुरीच्या सख्ख्या चुलतभावाची होती, ज्यानं सरांच्या एकाही स्टोव्हला आजवर टाळी दिली नव्हती.

सरांनी खाली लिहिलं, "छान. टाकीवर पोचा दिसतो."

अलीमभाईंनी उत्तर दिलं, की हो सर, नजर लागू नये म्हणून ठेवलाय. या उत्तरालाही टाळ्या पडल्या.

त्या दिवसापासून सर जळू लागले. हे स्पष्टच सांगितलेलं बरं. आयुष्यात त्यांना कुणाच्या बंगल्याचा, गाडीचा, अमेरिकेतल्या मुलाचा हेवा वाटला नव्हता, आणि याचा त्यांना थोडा गर्वही होता. आता एका पितळी टाकीनं त्यांची झोप उडवली. त्यात अलीमभाई माणूस गोड. कुणाचा पंप धरला नाही तर फोनवर अर्धा तास समजावून सांगायचे. कुणाला पिन हवी तर कुरिअरनं पाठवायचे, पैसे घ्यायचे नाहीत. प्रत्येक गोष्टीला सुरुवात "सर जास्त जाणतात, पण" अशी करायचे आणि पुढे सरांना माहीत नसलेलं सांगायचे. वाईट माणसाचा हेवा करायला निदान सोयीचं तरी असतं.

शेवटी सरांनी मेळावा जाहीर केला. सगळ्यांनी आपापले स्टोव्ह घेऊन बेलापूरला यायचं, पेटवून दाखवायचे, जेवायचं आणि जायचं. मनातला बेत असा, की एकतीस स्टोव्ह एका रांगेत लागले की नऊ हे नऊच दिसतील.

पेटवायचे म्हणजे रॉकेल हवं. रेशनवरचं रॉकेल बंद होऊन वर्षं झाली, म्हणून सर तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथल्या बाबूनं कारण विचारलं. सर म्हणाले, छंद. अर्जात छंदाचा रकाना नव्हता. बाबूनं विचारलं, घरी गॅस आहे का. आहे. मग रॉकेल कशाला? स्टोव्हला. मग गॅस परत करा. सरांनी त्याला तिकिटांचं उदाहरण दिलं, पण ते इथं चाललं नाही. दुसऱ्या खेपेला दुसरा बाबू होता, त्यानं गॅस असल्याचा दाखला आणि गॅस नसल्याचं प्रतिज्ञापत्र अशी दोन्ही मागितली. तिसऱ्या खेपेला तिसऱ्यानं प्रामाणिकपणे सांगितलं, की नोकरीला लागल्यापासून आपण स्वतः रॉकेल पाहिलेलं नाही, पण अर्ज घेता येईल. अर्जावर शिक्का बसला. शिक्क्यानं सरांना बरं वाटलं आणि त्यांनी ग्रुपवर कळवलं, की रॉकेलबाबत शासनस्तरावर पाठपुरावा सुरू आहे.

पाच मिनिटांत अलीमभाईंचा निरोप आला. ऑनलाइन मिळतं सर, दिव्याचं तेल म्हणून. पाच लिटर मागवलंय, येताना घेऊन येतो. टाळ्या किती पडल्या हे सरांनी त्या दिवशी मोजलं नाही. फोन उशीखाली ठेवून ते भिंतीकडे तोंड करून पडले.

जागेचं तर विचारूच नका. शेजारचे कानिफनाथ साखर कारखान्यात बॉयलरवर होते, त्यामुळे जगात जे जे तापतं त्यावर सल्ला द्यायचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतलेला आहे. ते कुंपणाशी येऊन म्हणाले, "सर, तुमचे एकतीस आन पाव्हन्यांचे ईस-पंचवीस. समदे एकदम पेटल्यावर पत्र्याखाली थांबू नगा. म्या फुटल्याला बॉयलर बघितलाय." सरांनी बॉयलर आणि स्टोव्ह यांतला फरक शास्त्रीय पद्धतीनं समजावला. कानिफनाथांनी तो पूर्ण ऐकून घेतला आणि मग आळीत घरोघर जाऊन बॉयलरचीच गोष्ट सांगितली. परिणामी मेळाव्याच्या रविवारी आळीतली चार घरं तिसगावच्या लग्नाला जायला निघाली, लग्न कुणाचं हे त्यांतल्या दोघांना ठाऊक नव्हतं. मंगल कार्यालयाच्या मालकानं हॉल रंगवायला काढला.

अखेर चर्चच्या पाळकसाहेबांना दया आली. त्याच रविवारी मंडळीचा उपकारस्तुतीचा सण होता. सकाळी उपासना, मग अर्पणाचा लिलाव, दुपारी दोननंतर आवार मोकळं. सरांनी ग्रुपवर लिहिलं, "मेळावा चर्चच्या आवारात. पांढऱ्या कापडाच्या टेबलावर आपापले स्टोव्ह मांडावेत." यात काही चूक आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही.

उपकारस्तुतीची रीत अशी, की हंगामाचं जे पहिलं घरात येतं ते प्रत्येकानं देवापुढं आणायचं. ज्वारीची कणसं, ऊस, भोपळे, अंडी, कोंबडी, कुणी नवं पातेलं, कुणी घोंगडी. ते वेदीपुढच्या टेबलावर ठेवायचं, त्यावर प्रार्थना व्हायची आणि मग लिलाव. लिलावात वस्तूचा आणि किमतीचा संबंध नसतो. मागच्या वर्षी एकच कोंबडी चारदा विकली गेली, कारण घेणारा प्रत्येक जण ती पुन्हा देवालाच देत होता. एक मात्र कडक होतं. प्रार्थना झालेली वस्तू कुणी परत मागत नाही. हवी असेल तर बोली लावून घ्यावी. आणि त्या टेबलावर, इस्त्री केलेलं, पांढरं कापड असतं.

मेळावा दोनचा होता आणि अलीमभाई नऊलाच आले. हौशी माणूस. सर दुसऱ्या ओळीत बसले होते. पहिलं गीत चाललेलं असताना मधल्या वाटेनं पांढरा सदरा, डोक्यावर जाळीची टोपी आणि छातीशी शालीत गुंडाळलेलं गाठोडं असे अलीमभाई पावलं न वाजवता पुढे चालत आले. दाराशी अर्पण घ्यायला आराधना नावाची मुलगी उभी होती, तिनं त्यांना पुढचं टेबल दाखवलं होतं. त्यांनी भोपळा जरा सरकवला, जोडस्टोव्ह ठेवला, शाल काढली, दोन्ही बर्नर लोकांकडे येतील असा तो फिरवला, रुमालानं टाकी पुसली आणि तसेच हळू पावलांनी बाहेर गेले. मंडळीत कुजबुज झाली. कोपरगावहून दुसऱ्या धर्माचा माणूस सणाचं अर्पण घेऊन येतो, हे सगळ्यांना फार आवडलं.

सरांना सगळं त्याच क्षणी कळलं. उठायचं, तीन पावलं जायचं, पाळकसाहेबांच्या कानात सांगायचं, एवढंच काम होतं. सर उठले नाहीत. आधी वाटलं, उपासनेत व्यत्यय नको. मग वाटलं, कदाचित त्यांना खरंच द्यायचा असेल, आपण कोण आडवे येणारे. मग बायबलमधली दहावी आज्ञा आठवली. लहानपणापासून पाठ होती. शेजाऱ्याच्या कुठल्याच वस्तूचा लोभ धरू नये. पण तिच्यात घर आहे, बैल आहे, गाढव आहे, स्टोव्ह नाही. शिवाय कोपरगाव म्हणजे काही शेजार नव्हे. पस्तीस वर्षं मुलांच्या उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला हे उत्तर शून्य मार्कांचं आहे हे कळत होतं. तरी ते छताकडे बघत बसले.

पाळकसाहेबांनी अर्पणावर प्रार्थना सुरू केली. सगळ्यांनी डोळे मिटले. स्टोव्ह जागेवर आहे ना हे पाहायला सरांनी एक डोळा उघडला, तर बायकांच्या बाजूनं दयाबाई दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडेच बघत होत्या. सरांनी डोळा मिटला. आमेन झालं.

लिलाव जस्टिन करायचा. त्याचा आवाज भोंग्याशिवाय नदीपलीकडे जातो. भोपळा गेला, शेवग्याच्या शेंगा गेल्या, कोंबडी यंदा दोनदाच गेली. मग त्यानं जोडस्टोव्ह दोन्ही हातांनी उचलला आणि पाचशेपासून सुरुवात केली. सरांचा हात आपोआप वर गेला. आणखी कुणाला स्टोव्हचं काय करायचं होतं? जस्टिन एकवार, दोनवार म्हणाला, आणि दारातून आवाज आला, "हजार."

अलीमभाई दारात उभे होते. त्यांनी स्टोव्हकडे पाहिलं, जस्टिनकडे पाहिलं, सरांच्या वर गेलेल्या हाताकडे पाहिलं आणि स्वतःचाही हात वर केला.

या वेळी सरांनी हात खाली घ्यायला हवा होता. पण मत्सर हा असा प्राणी आहे, की समोरचा धावला की तोही धावतो. सर म्हणाले पंधराशे. अलीमभाई दोन हजार. लोक माना इकडून तिकडे वळवू लागले. स्वतःच दिलेल्या वस्तूवर हा माणूस स्वतःच बोली वाढवतोय, काय दिलदारी म्हणायची, असं मागच्या ओळीत कुणीतरी म्हणालं आणि ते सरांना ऐकू आलं. त्यांनी थेट सहा सांगितले. सात. आठ. गीझरला बाजूला काढलेली रक्कम साडेदहा हजार होती. अलीमभाई दहा हजार म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज जरा बसला होता. सर म्हणाले, "साडेदहा." अलीमभाईंनी सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला, दोन्ही हात जोडले आणि शेवटच्या बाकावर बसले.

टाळ्या झाल्या, पण त्या अलीमभाईंसाठी. पाळकसाहेबांनी कोपरगावच्या पाहुण्यांचे आभार मानले, त्यांना पुढे बोलावून हार घातला. सर स्टोव्ह पोटाशी धरून कडेला उभे होते. एक बाई त्यांना म्हणाल्या, जरा सरका ना सर, फोटो काढायचाय.

दुपारी मेळावा लागला. मांडवात एकतीस स्टोव्ह एका रांगेत होते, पण ते बघायला कुणी आलं नाही, कारण आराधनानं काढलेला हारवाला फोटो ग्रुपवर आधीच पोचला होता आणि जो तो अलीमभाईंना मिठी मारत होता. अलीमभाईंनी लिंबाखाली आपलं मशीन मांडलं. आलेल्या प्रत्येकाच्या स्टोव्हवर ते नाव घालून देणार होते, फुकट. आपल्याकडे भांड्यावर नाव म्हणजे सातबाराच. लग्नकार्यात शंभर घरची पातेली एकत्र होतात, पण नावावरून जो तो आपलं घरी नेतो, त्यावर वाद नसतो.

"सर, पहिलं तुमचं," अलीमभाई म्हणाले. जोडस्टोव्ह त्यांनी मांडीवर घेतला, मशीन घुरघुरलं आणि टाकीवर ठिपक्या ठिपक्यांनी 'यशया' उमटलं. अक्षर सुरेख होतं. त्यांनी पितळेचा भुगा फुंकला. "आडनाव घालायचं ना?"

सर टाकीकडे बघत होते. अलीमभाईंचा अंगठा टाकीवरच्या पोच्यावरून फिरत होता. रोजच्या सवयीनं फिरावा तसा फिरत होता.

"हा पोचा कशानं?" सरांनी विचारलं.

"अम्मीच्या हातून पडला हुता. रमजानात पहाटे सहेरीला एका बर्नरवर चाय, एकावर भाजी. आम्ही सहा भावंडं, टाइम कुठला. हातातून निसटला." ते हसले. "अख्तरीबीचा दुबर्नर म्हणून मोहल्ल्यात फेमस हुता."

सरांनी खुर्ची ओढून जवळ घेतली. मग बोलले. "अलीमभाई, सकाळी तुम्ही ठेवलात तेव्हाच मला कळलं होतं, की टेबल चुकलंय. मी दुसऱ्या ओळीत होतो. मी बोललो नाही."

"मालूम हाय सर."

"कसं?"

"जाताना मी तुम्हाला सलाम केला. तुमी वर पंख्याकडं बघत हुता. पंखा बंद हुता."

 मग तुम्ही का नाही मागितला, असं त्यांनी जमिनीकडे बघत विचारलं.

"मला नंतर कळलं, बाहेर. तवर दुवा झाली हुती त्यावर. देवाम्होरं ठेवलेली चीज परत कशी मागायची? म्हटलं, बोली लावून नेऊ. इथं कुणाचा स्टोव्ह पसंत पडला तर घ्यायला दहा हजार आणले हुते. तेवढेच हुते."

मशीन अजून घुरघुरत होतं. सरांनी हात पुढे करून ते बंद केलं. जोडस्टोव्ह अलीमभाईंच्या मांडीवरून उचलला, शेजारी पडलेली शाल त्याच्याभोवती गुंडाळली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमली, आणि पुन्हा त्यांच्याच मांडीवर ठेवला. अलीमभाईंनी खिशातले दहा हजार काढले तेव्हा सरांनी त्यांचं मनगट धरलं. नोटा त्यांनी परत अलीमभाईंच्याच खिशात सरकवल्या.

राहिलं नाव. खरवडता येईल, अलीमभाई म्हणाले, पण जुनं पितळ आहे, टाकी पातळ होईल.

दयाबाई कधी येऊन मागे उभ्या राहिल्या होत्या कुणास ठाऊक. त्या म्हणाल्या, "राहू द्या नाव, भाऊ. ह्यांच्या ध्यानात राहील."

त्या संध्याकाळी जोडस्टोव्ह पेटला. अलीमभाईंचं तेल, दयाबाईंचं पातेलं. एका बर्नरवर चहा झाला, दुसऱ्यावर भजी. कानिफनाथ सुरक्षित अंतरावरून बघत होते, ते भज्यांच्या वेळी जवळ आले. स्टोव्ह फुटला नाही याचं श्रेय त्यांनी आपल्या इशाऱ्याला दिलं.

आता तो कोपरगावच्या दुकानात काउंटरवर असतो. गिऱ्हाइकं विचारतात, मणियारांच्या स्टोव्हवर हे यशया कोण? अलीमभाई सांगतात, आमचे सर आहेत बेलापूरचे, अम्मीचा स्टोव्ह त्यांनी सोडवून दिला, लई दिलाचा माणूस. यापुढचं ते कधी सांगत नाहीत, आणि मागचंही नाही. परवा त्यांनी नावासकट स्टोव्हचा फोटो ग्रुपवर लावला आणि खाली हेच लिहिलं.

सर तेव्हा मागच्या दारी बसले होते. गीझरची रक्कम देवाला गेल्यामुळे दयाबाईंच्या अंघोळीचं पाणी रोज सकाळी सरांनी तापवायचं, एकतीसपैकी कुठल्याही स्टोव्हवर, निवड त्यांची, असा घरात ठराव झाला आहे. काकडा, स्पिरिट, पंप. बोटांची लव जळून गेली आहे, पण हात बसला. शेजारी स्टोव्ह भरभरत होता आणि सर फोनवर टाळ्या मोजत होते. एक्केचाळीस. जोडस्टोव्हला पहिल्यांदा पडल्या होत्या त्याहून तीन जास्त, आणि या वेळी सरांच्या नावाला. आनंद व्हायला हवा होता. पण कोपरगावच्या काउंटरवर बसलेला तो यशया, मोठ्या मनाचा, लोकांचा लाडका, गिऱ्हाइकांच्या तोंडी असलेला, त्याचा बेलापूरच्या यशयाला असा काही हेवा वाटला, की तसा अलीमभाईंचाही कधी वाटला नव्हता.

फोनवर बेचाळिसावी टाळी पडली. ती दयाबाईंची होती. त्या ग्रुपात कधी आल्या हे ग्रुप काढणाऱ्याला माहीत नव्हतं.

"पाणी झालं का?" आतून विचारणा आली.

होतंय, सर म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला आणि फोटोखाली लिहिलं, "छान." पोच्याबद्दल काही लिहिलं नाही, आणि पंपाला आणखी चार हात मारले.